सर, ड्रमचा स्पीड तुम्हीच ठरवायचात ना? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सर, नमस्कार. प्रतिक्रिया रात्रीच वाचली, पण तिला दोन ओळीत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून आज रविवारी शेवउसळ वगैरे उरकून निवांत बसलीये. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की फिजिऑलॉजी-फार्माकॉलॉजीच्या लॅबमध्ये सॉफ्टवेअरने दिलेला आकडा तसाच टेबलात उतरवायचा नाही, आधी सॅम्पलिंग रेट (म्हणजे सेकंदाला सिग्नलचे किती आकडे टिपले) काय होता, फिल्टर कुठला होता, बीट किंवा पीक कशावरून मोजला हे बघायचं. त्यावर सरांचं म्हणणं असं की मी पोरांना उगाच घाबरवतेय. त्यांनी तीस वर्षं फार्मसीच्या मुलांना शिकवलं, काजळीच्या ड्रमवर (काजळी धरलेला कागद गुंडाळलेला फिरता ड्रम, त्यावर लेखणी रेघ ओढते), तेव्हा कुणी सॅम्पलिंग रेट विचारला नाही आणि कुणाचं अडलं नाही. शिवाय ही महागडी सॉफ्टवेअर व्हॅलिडेटेड (म्हणजे बरोबर चालतात असं तपासून सिद्ध केलेली) असतात, मुलगा फार्माकॉलॉजी शिकायला आलाय, इलेक्ट्रॉनिक्स नाही. आणि मी सुचवलेली फुकटची साधनं ऑडिटमध्ये एक मिनिट टिकणार नाहीत, त्यापेक्षा सगळ्यांना येतं ते एक्सेल काय वाईट. शेवटी त्यांनी ओळखीच्या एका एम.फार्म.च्या मुलाचा किस्सा दिलाय, रॅटचा हार्ट रेट १७५ आला म्हणून. तो सगळ्यात इंटरेस्टिंग आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आधी ड्रमचं बघू, कारण सर, ड्रमचं उदाहरण तुम्ही माझ्याविरुद्ध दिलंत आणि मला तर ते माझ्याच बाजूचं वाटतं!

लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने कायमोग्राफ, म्हणजे हाच ड्रम, आणला १८४७ मध्ये, आणि आपल्याकडच्या कॉलेजांत तो पुढे कित्येक वर्षं फिरत राहिला. बेडकाच्या गॅस्ट्रोक्निमियसचं, म्हणजे पोटरीच्या स्नायूचं, सिंपल मसल ट्विच (एका झटक्याचं एक आकुंचन) काढायचं असलं की तुम्ही मुलांना काय सांगायचात? ड्रम फास्ट गिअरला टाका, खाली शंभर हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कची रेघ घ्या, मग लेटंट पीरियड (झटका दिल्यापासून स्नायू हलेपर्यंतचा वेळ) मोजा. तो येतो साधारण ०.०१ सेकंद, मग कॉन्ट्रॅक्शन ०.०४, रिलॅक्सेशन ०.०५, ही तोंडी परीक्षेतली उत्तरं अजून पाठ असतील सगळ्यांना. आता एखाद्या मुलाने हेच ट्विच रेक्टस अॅब्डोमिनिसच्या (पोटाच्या, सावकाश आकुंचन पावणाऱ्या स्नायूच्या) स्लो स्पीडवर काढलं तर? ट्विचच्या जागी एक उभी रेघ. लेटंट पीरियड त्या रेघेत कुठे शोधणार? वॉर्निश केल्यावर तर नाहीच, भिंग घेऊन बसलात तरी नाही. तुम्ही त्याला कागद फाडून परत काढायला लावायचात, हो ना?

सॅम्पलिंग रेट म्हणजे हाच ड्रमचा स्पीड. सेकंदाला १०० सॅम्पल घेतली की दर १० मिलिसेकंदाला एक ठिपका, म्हणजे तुमचा अख्खा लेटंट पीरियड दोन ठिपक्यांच्या मध्ये बसला. नंतर स्क्रीनवर कितीही झूम करा, सॉफ्टवेअर त्या दोन ठिपक्यांना छान सरळ रेघेने जोडून दाखवेल आणि बघणाऱ्याला वाटेल माहिती आहे. ड्रमवर निदान चूक डोळ्याला दिसायची, इथे ती गुळगुळीत होऊन येते, मला जी भीती वाटते ती एवढीच आहे.

गेनचंही, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा त्याचंही, तेच. लिव्हरचं मॅग्निफिकेशन पाच-दहा पट असायचं, जास्त झालं की लेखणी कागदाच्या बाहेर, कमी झालं की पाच वेगवेगळ्या डोसचे रिस्पॉन्स सारख्याच उंचीचे दिसायचे. आता सिग्नलचे आकडे करणारं बारा बिटचं कार्ड घ्या, ते सिग्नलचे ४०९६ तुकडे करतं. रेंज तशीच प्लस-मायनस १० व्होल्टवर राहू दिली तर एक पायरी जवळजवळ ५ मिलिव्होल्टची होते, आणि छातीवरच्या इलेक्ट्रोडवर ईसीजी येतो मिलिव्होल्टभर. म्हणजे अख्खा ईसीजी एका पायरीखाली गडप. म्हणून आधी अॅम्प्लिफाय करायचं, रेंज नीट लावायची, मग रेकॉर्ड. यात इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री कुठे लागते सर? लिव्हर बसवण्याइतकीच अक्कल लागते, आणि ती तुम्हीच शिकवायचात. तुमच्या वेळी तर कागद फिक्सिंगला जायच्या आधी त्यावर डोस, ड्रमचा स्पीड, मॅग्निफिकेशन, तारीख सगळं कोरून लिहायला लावायचे, नाहीतर सर सही करायचे नाहीत. आता मुलं ग्राफचा स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवतात, खाली ना रेट ना फिल्टर, आणि त्यावर सही होते! पोस्टमध्ये मी दुसरं काय मागितलं होतं?

स्पीड चुकला तर ड्रमवर सिग्नल फक्त आक्रसायचा, कम्प्युटरवर मात्र कमी सॅम्पलिंगने नसलेली गोष्टही तयार होते, आणि ही भानगड ड्रमला नव्हती. आपल्या विजेचा गुणगुणाट ५० हर्ट्झचा. कोणी ईईजी (मेंदूच्या विजेचं रेकॉर्डिंग) सेकंदाला ४० सॅम्पलने घेतला आणि डिजिटाइझ करण्याआधीचा, जास्त वेगाच्या लाटा गाळणारा अँटी-अलायझिंग फिल्टर नसला (चांगल्या सिस्टिममध्ये असतो, स्वस्त बोर्डात बऱ्याचदा नसतो) तर तो ५० चा गुणगुणाट १० हर्ट्झची लाट बनून उतरतो. माणूस निवांत असताना मेंदूत दिसणारा अल्फा रिदम कुठे असतो? ८ ते १३. म्हणजे ट्यूबलाइटचा अल्फा रिदम, आणि मुलगा रिपोर्टमध्ये लिहिणार सब्जेक्ट रिलॅक्स्ड होता. एकदा असा मिसळला की नंतरच्या कुठल्याच फिल्टरने खरा आणि खोटा अल्फा वेगळा काढता येत नाही.

नॉच फिल्टरचं (तो फक्त ५० हर्ट्झच्या आसपासचं गाळतो) थोडक्यात सांगते, कारण त्यावर दुसऱ्या एका ताईंनीही विचारलंय. ५० हर्ट्झ दिसला की लगेच नॉच दाबायचा नाही, आधी अर्थिंग बघा, इलेक्ट्रोडची जेल वाळलीये का बघा, केबल शेजारचा चार्जर काढा. नॉच ईसीजीतल्या क्यूआरएसच्या (ठोक्याच्या टोकदार भागाच्या) मागे बारीक थरथर सोडू शकतो. आणि बेसलाइन सरळ दिसावी म्हणून हाय-पास (सावकाश लाटा गाळणारा फिल्टर) ०.५ हर्ट्झला ठेवलात तर एसटी सेगमेंटवर, म्हणजे क्यूआरएसनंतरच्या सपाट भागावर, मत देऊ नका, त्यासाठी ०.०५ पर्यंत खाली यावं लागतं.

आता व्हॅलिडेटेड.

आपण बडोदेकर, सर, गज्जर-कोटीभास्कर-अमीनांनी १९०७ मध्ये अलेंबिक उभं केलं त्या गावातले, इथे दर दुसऱ्या घरात कोणी ना कोणी औषध कंपनीच्या क्यूसीत किंवा क्यूएत (गुणवत्ता तपासणाऱ्या विभागांत) आहे, त्यामुळे हा शब्द आपल्याकडे भाजीबाजारातसुद्धा ऐकू येतो. पण क्यूएतल्या कुणालाही विचारा, सॉफ्टवेअर व्हॅलिडेटेड असतं म्हणजे काय? अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम, २१ सीएफआर पार्ट ११, लागू झाला १९९७ मध्ये, त्यात ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची नोंद), इलेक्ट्रॉनिक सही, कोणाला काय बदलायची परवानगी हे सगळं आहे, आणि सिस्टिम व्हॅलिडेट करण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्याची आहे. कंपनी आयक्यू-ओक्यूचे (नीट बसवलंय आणि चालतंय याचे) कागद देईल, तिचा माणूस येऊन टिकमार्क करून जाईल, पण तुमच्या कामासाठी, तुमच्या सॅम्पलवर, तुमच्या सेटिंगने ते बरोबर चालतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं. कंपनी तुमच्यासाठी सॅम्पलिंग रेट निवडून देत नाही. ऑडिट ट्रेलसुद्धा एवढंच सांगतो की अमक्याने अमक्या वेळी थ्रेशोल्ड (किती उंचीच्या वर बीट धरायचा ती रेघ) ०.३ वरून ०.५ केला आणि कारण हे दिलं. ०.५ बरोबर होता का, ते त्याला विचारून उपयोग नाही. क्रोमॅटोग्राफीवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं, तिथे पीकच्या खालची बेसलाइन हाताने जराशी वर-खाली केली की एरिया बदलतो, म्हणून तर असं मॅन्युअल इंटिग्रेशन दिसलं की इन्स्पेक्टर खुर्ची पुढे ओढतो. एम्पॉवर असो नाहीतर क्रोमेलिऑन, ही क्रोमॅटोग्राफीची सॉफ्टवेअर एकदम पक्की, प्रश्न ते हाताळणाऱ्याला विचारले जातात.

फुकटच्या साधनांबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. रेग्युलेटेड लॅबमध्ये, जिथून रिपोर्ट थेट औषधाच्या फाइलला जातो, तिथे मी कुणालाही घरी लिहिलेली पायथॉनची स्क्रिप्ट वापर असं सांगणार नाही (वापरता येते, पण तिची कागदपत्रं तयार करण्यात जो जीव जाईल त्यापेक्षा लायसन स्वस्त पडेल). पण मी लिहिलं होतं ते कॉलेजसाठी आणि अॅनालिसिससाठी. चित्रांवरून मोजमाप करणारं इमेजजे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेतून आलंय, जगभरच्या पेपरांत त्याने मोजलेले ब्लॉट आणि पेशी छापल्या जातात, आर आणि पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषांचंही तेच. आणि घेतानाची, म्हणजे अॅक्विझिशनची बाजू फुकटात करायला मी कधीच सांगितलं नाहीये, उलट एका बाबतीत मी तुमच्यापेक्षा कडक आहे. आर्डुइनो (छोटा स्वस्त कंट्रोलर) आणि एखादा स्वस्तातला बोर्ड लावून मुलं स्वतःच्या छातीचा ईसीजी घेतात, व्हिडिओ बघून. शिकायला मजा आहे, पण त्यात आयसोलेशन (घरच्या विजेपासून अंगाला वेगळं ठेवणारी सोय) नसतं आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला असतो. तेवढं करू नका रे, निदान चार्जर काढून बॅटरीवर चालवा, आणि दुसऱ्याच्या अंगाला तर लावूच नका. माणसावर रेकॉर्डिंग करायचं तर माणसासाठी बनवलेला आयसोलेटेड अॅम्प्लिफायरच घ्यायचा, तिथे पैसे वाचवायचे नाहीत.

आणि एक्सेल. सर, मी एक्सेलची वैरी नाही, घरचा हिशोब त्यातच आहे. पण एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. सेकंदाला १००० सॅम्पल घेतलीत तर ही शीट साडेसतरा मिनिटांत भरते. गिनीपिगच्या आयलियमचा (आतड्याच्या तुकड्याचा) एक धड डोस-रिस्पॉन्स तरी होतो का तेवढ्यात? जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये तर ६५,५३६ च ओळी, म्हणजे एक मिनिट आणि वर पाच सेकंद. त्यापुढचा डेटा कधी वॉर्निंग देऊन जातो, कधी गुपचूप. ही काही माझ्या मनातली भीती नाही, २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६,००० केसेस आकडेवारीतून गळाल्या त्या याच जुन्या फॉरमॅटच्या मर्यादेपायी. जेनेटिक्सवाल्यांची कथा तर अजून भारी, एक्सेल त्यांच्या मार्च-वन आणि सेप्ट-टू या जीन्सना तारखा समजून १ मार्च आणि २ सप्टेंबर करायचं, २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा एक्सेलमध्ये जीन्सच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही गडबड सापडली, आणि शेवटी २०२० मध्ये एक्सेल सुधारायची वाट न बघता जीन्सचीच नावं बदलली. म्हणून सरासरी, टेबल, ग्राफ एक्सेलमध्ये खुशाल करा. मूळ रेकॉर्डिंग मात्र सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा, आणि सोबत एक प्रत ईडीएफ (अशा रेकॉर्डिंगसाठीचा खुला फॉरमॅट) किंवा साध्या टेक्स्टमध्ये, कारण उद्या लायसन संपलं, लायसनची यूएसबी किल्ली म्हणजे डाँगल हरवला, विंडोज बदललं तर ती कंपनीची फाइल उघडणार कशात?

आता तुमचा एम.फार्म.वाला मुलगा. रॅटचा रेट १७५ आला आणि त्याने लिहून टाकला, यावर तुम्ही म्हणता, रॅटचा रेट तीनशे-चारशेच्या घरात असतो हे त्याला माहीत असायला हवं होतं, यात सॉफ्टवेअरचा काय दोष. अगदी बरोबर, दोष नाहीच. पण १७५ च का आला हे तुम्ही त्याला विचारलंत का? माझा अंदाज सांगते. ईसीजीच्या मोड्यूलमध्ये प्राण्याप्रमाणे प्रीसेट (आधीच लावून ठेवलेली सेटिंग) असतात, आणि बऱ्याचदा तो माणसावर राहून जातो. माणसाच्या प्रीसेटमध्ये एक बीट सापडला की पुढचे दोन-तीनशे मिलिसेकंद दुसरा शोधायचाच नाही असं लावलेलं असतं, कारण माणसात तेवढ्यात दुसरा येत नाही, आणि ठोक्यानंतरची टी वेव्ह चुकून मोजली जायला नको. खरा रेट ३५० असेल तर दोन बीट्समध्ये अंतर जेमतेम १७१ मिलिसेकंद. मग सॉफ्टवेअर एक धरतं, एक सोडतं, एक धरतं, एक सोडतं. ३५० चे बरोबर निम्मे १७५. असं असेल तर औषध दिल्यावर रेट वाढला तरी निम्माच वाढलेला दिसेल, ग्राफचा आकार मात्र झकास येईल.

हे दुरुस्त होण्यासारखं आहे, अर्थात मूळ फाइल असली तर. त्याला सांगा, प्रीसेट रॅटवर करून परत चालव, आणि सॉफ्टवेअरने जिथे जिथे बीटची खूण केलीये ते वीस-तीस सेकंद डोळ्याने बघ, प्रत्येक आर वर (क्यूआरएसच्या टोकावर) खूण आहे का. त्याच्याकडे लायसन नसेल तर काही कंपन्यांचे रीडर फुकट मिळतात, लॅबचार्ट या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचा तर आहेच, निदान फाइल उघडून मूळ ट्रेस तरी बघता येईल. फक्त त्याला सॅम्पलिंग रेट काय होता ते विचाराच. १००० किंवा २००० असेल तर सगळं सुटेल. २०० असेल तर ठिपके ५ मिलिसेकंदावर पडलेत, रॅटचा क्यूआरएस असतोच वीसेक मिलिसेकंदाचा, म्हणजे चार ठिपके. अशा वेळी रेट छापायला हरकत नाही, पण क्यूआरएसची रुंदी आणि हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (ठोक्यांमधल्या अंतराचा बारीक चढउतार) थिसिसमधून काढून टाकायला सांगा, गाइड कितीही म्हणाले तरी. फाइल माझ्याकडे पाठवायची असेल तर मूळच पाठवा सर, स्क्रीनशॉट नको, आणि एक्सेल तर नकोच नको.