म्हणे फाशीआधीची सगळी पत्रं एकाच सुरात!

सध्या एक मेसेज फिरतोय, वर भगतसिंगांचा फोटो आणि खाली लिहिलंय की फाशी ठरलेल्या क्रांतिकारकांची शेवटची पत्रं बघा, जगायची इच्छा नाही, घरच्यांचा मोह नाही, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नुसती ललकारी. मग नेहमीप्रमाणे आजच्या पोरांना चार टोमणे. पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती पत्रं वाचलीत देव जाणे.

"जगायची इच्छा नाही." अहो, २२ मार्च १९३१ ला, म्हणजे फाशीच्या आदल्या दिवशी, भगतसिंगांनी साथीदारांना लिहिलेलं पत्र सुरूच इथून होतं की जगायची इच्छा माझ्यातही असणारच, मला ती लपवायची नाही, फक्त कैदेत किंवा बंधनात राहून जगायचं नाही. पुढे तर म्हणतात की माझ्या कमजोऱ्या आज लोकांसमोर नाहीत, वाचलो तर त्या दिसतील. स्वतःचा पुतळा होतोय हे कळलेला २३ वर्षांचा पोरगा आहे हा!

"घरच्यांचा मोह नाही." हे तर सपशेल खोटं. ३ मार्चला भेट झाल्यावर धाकट्या भावाला, कुलतारला लिहिलं की तुझ्या डोळ्यांत पाणी बघून वाईट वाटलं, हिंमत धर, अभ्यास कर, तब्येत सांभाळ. त्याच दिवशी दुसऱ्या भावाला, कुलबीरला लिहिलेलं पत्र तर वाचवत नाही, मी कुणासाठीच काही करू शकलो नाही, तुम्हाला संकटात टाकून चाललोय, तुझं पोट कसं भरणार या विचाराने थरकाप होतो, अमेरिकेला जाता आलं असतं तर बरं झालं असतं, एखादं काम शिकून घे पण सगळं वडिलांना विचारून कर. आता हे वडील म्हणजे तेच, ज्यांनी मुलाच्या बचावासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज केला म्हणून ऑक्टोबर १९३० मध्ये भगतसिंगांनी त्यांना पाठीत खंजीर खुपसल्यासारखं वाटलं असं सुनावलं होतं, वर ते पत्र छापायलाही सांगितलं होतं. तरी पाच महिन्यांनी भावाला सांगतात, वडिलांचं ऐक. हा मोह नाही तर काय?

ललकारी कुठेच नाही असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर १९३० मध्ये साथीदार बटुकेश्वर दत्तांना लिहिलेल्या पत्रात आनंदाने फासावर जाईन असं आहेच. पण त्याच पत्रात दत्तांना, ज्यांना जन्मठेप होती, बजावलंय की तुला जगून दाखवायचंय, मरण म्हणजे त्रासातून सुटायची पळवाट नव्हे.

आणि "एकच सूर"? २० मार्चचं पंजाबच्या गव्हर्नरला लिहिलेलं पत्र घ्या, आपल्या खेडच्या राजगुरूंसकट तिघांच्या वतीने. तिथे आसू नाहीत, आरोळी नाही, चक्क वकिली युक्तिवाद आहे. तुमच्याच कोर्टाने ठरवलं ना की आम्ही राजाविरुद्ध युद्ध पुकारलं, मग आम्ही युद्धकैदी, तेव्हा फाशी नको, लष्कराची तुकडी पाठवा आणि गोळ्या घाला. शिवाय असंही लिहिलंय की कष्टकऱ्यांना लुटणारे इंग्रज असोत नाहीतर निव्वळ भारतीय, हे युद्ध चालूच राहील. मेसेज बनवणाऱ्याने हे वाक्य का टाकलं नाही, ते त्यालाच विचारा.