अर्ज सुरतलाच करावा लागतो, हे कोणी सांगितलं?

सध्या आमच्याकडे गावच्या, समाजाच्या, माहेरच्या अशा सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर 'लेकीच्या आईबापांनी एकदा वाचाच', खाली 'जनहितार्थ', लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. म्हणणं असं: नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कोर्टातून संरक्षण आदेश घ्यायचा तर नवरा राहतो तिथल्याच कोर्टात जावं लागतं. आधी पोलीस केस आणि सरकारी दवाखान्याचा दाखला लागतो. फुकट वकील फक्त पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना, बाकीच्यांचे पन्नास हजार ठरलेले. वर्ष उलटलं की अर्ज घेत नाहीत. घर सासऱ्याच्या नावावर असेल तर सुनेचा काही हक्क नाही. आणि आदेश झाला की नवरा थेट जेलमध्ये. शेवटी सल्ला: समाजाची बैठक बसवा, स्टॅम्पवर लिहून घ्या आणि पोरीला नांदायला पाठवा.

माझ्या मावसबहिणीला हा मेसेज तिच्या सख्ख्या काकांनी पाठवला. ती सुरतच्या उधन्याहून दोन लेकरं घेऊन अमळनेर तालुक्यात माहेरी आलेली आहे. अर्ज करायचा असं घरात ठरलं होतं. मेसेज वाचून मावशी म्हणाली, "सुरतले तारखास्ले कोन जाई वं माय?" आणि अर्ज तिथेच राहिला. म्हणून हे लिहितेय. राग येतोय, तो लपवणार नाही.

सुरतपासूनच सुरू करते, कारण खान्देशातल्या बाईसाठी याहून घातक खोटं दुसरं नाही. आपल्याकडे भावकीत कोणाची ना कोणाची लेक सुरतला दिलेली असतेच. उधना, लिंबायत, डिंडोलीत गल्ल्याच्या गल्ल्या अहिराणी बोलतात. ती लेक मार खाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी नंदुरबार, दोंडाईचा नाहीतर अमळनेर स्टेशनवर उतरते. 'परत सुरतला जाऊन अर्ज कर' असं तिला सांगणं म्हणजे अर्ज करूच नको असं सांगणं. जिथून जीव घेऊन पळाली, त्याच गल्लीच्या कोर्टात दर तारखेला तिने उभं राहायचं. लेकरं कोणाकडे ठेवायची? उतरायचं कोणाकडे? नवऱ्याच्या नातेवाइकांकडे?

आता कायदा बघा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५, कलम २७. बाई कायमची किंवा तात्पुरती राहते तिथलं कोर्ट चालतं. ती नोकरी-धंदा करते तिथलं चालतं. नवरा राहतो तिथलं चालतं, हिंसा झाली तिथलंही चालतं. यातलं कोणतं ते बाईने ठरवायचं. चार दिवस पाहुणी म्हणून आलेलीची गोष्ट वेगळी, पण सासर सोडून माहेरी आसऱ्याला आलेली बाई तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, लेकरांना इथल्या शाळेत घातलं असेल तर तिथला कागद, असं काही सोबत जोडलं की राहण्याचा मुद्दा पक्का होतो. त्याच कलमात पुढे स्पष्ट लिहिलंय की हा आदेश भारतभर लागू होतो. अमळनेरच्या कोर्टाचा आदेश उधन्यातही चालतो. तारखेसाठी नवऱ्याला इकडे यावं लागतं. मेसेजमध्ये नेमकं याच्या उलट लिहिलंय.

दुसरा मुद्दा वकिलाचा. मावशीचं पुढचं वाक्य होतं, "मन्हाजोडे वकीलले देवाले पैसा कोठे शेतस?" तिला द्यायचेच नाहीत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली माणसं, आणि त्याच यादीत स्वतंत्रपणे: महिला आणि बालक. उत्पन्नाची अट या यादीत वेगळ्या ओळीत येते. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपयांची आहे, पण ती इतरांसाठी. बाईला उत्पन्नाचा दाखला मागायचाच नाही. रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो, पांढरं असो. बापाच्या नावावर केळीची बाग असो, ती स्वतः शिक्षिका असो. बाई आहे एवढं पुरे.

हे मिळतं कुठे? तालुका कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. जळगाव, धुळे, नंदुरबारला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. साध्या कागदावर अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, तिथे लिहून घेतात. पॅनेलवरचा, म्हणजे त्यांच्या यादीतला, वकील नेमून मिळतो. अर्जाचा मसुदा, टायपिंग, कागदांच्या नकला हा खर्चही त्यातच येतो. कोर्ट फी तर महाराष्ट्रात महिलांना अशा प्रकरणांत १९९४ पासून माफ आहे. मग ते पन्नास हजार कसले? जायचं कुठे हेच कळत नसेल तर १५१०० वर फोन करायचा, ती विधी सेवेचीच हेल्पलाइन आहे. तातडीचं असेल तर १८१ किंवा ११२.

'फुकटचा वकील लक्ष देत नाही' असंही त्या मेसेजमध्ये एका ओळीत आहे, आणि ते सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. काही जण तारखेला येत नाहीत, ज्युनियरला पाठवतात, फोन उचलत नाहीत. पण त्यावरही उपाय आहे. समितीकडे लेखी तक्रार द्या, वकील बदलून मागा. तालुका समितीचे अध्यक्ष तिथले न्यायाधीशच असतात. आणि पॅनेलवरच्या वकिलाने एक रुपया जरी मागितला तरी तो नियमभंग आहे, तेही त्याच तक्रारीत लिहा. वाईट अनुभव येऊ शकतो म्हणून हक्कच नाही असं सांगत सुटणं हा शुद्ध खोटेपणा आहे.

बाकीचे मुद्दे थोडक्यात, कारण त्यांत दम नाही.

पोलीस केस आधी लागत नाही. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम १२ चा अर्ज बाई स्वतः, संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने दुसरं कोणीही थेट कोर्टात देऊ शकतं. संरक्षण अधिकारी महिला व बालविकास विभागाचे असतात, ते घटनेचा अहवाल भरून देतात, त्याचेही पैसे नाहीत. पण तो अहवाल नाही म्हणून कोर्टाने आदेश अडवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात सांगून टाकलंय. दवाखान्याच्या दाखल्याचंही तेच. मार लागला असेल तर उपचार घ्या, कागद जपून ठेवा, उपयोग होतो. पण कायद्यात शिवीगाळ, घरखर्चाला पैसे न देणं, दागिने काढून घेणं हीसुद्धा हिंसाच आहे. याचा दाखला कोणता डॉक्टर देणार? निकड असेल तर बाईच्या प्रतिज्ञापत्रावर, दुसऱ्या बाजूची वाट न पाहता, कोर्ट अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश देऊ शकतं. ते कलम २३.

वर्षभराची मुदत या अर्जाला लागू नाही. हे सांगणारा, कामाच्ची प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२२ चाच आहे.

घराचं अर्धं खरं आहे. सासऱ्याच्या घराची मालकी या कायद्याने मिळत नाही, हे मान्य. मिळतो तो राहण्याचा हक्क. ज्या घरात ती नांदली तिथून तिला कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, मग सातबारा किंवा घरपट्टी कोणाच्याही नावावर असो. २०२० च्या सतीश आहुजा निकालाने हे स्पष्ट झालंय. तिथे परत जाणं धोक्याचं असेल तर दुसरं घर किंवा भाडं मागता येतं.

जेलची भीती दाखवली आहे ती बाईच्या माहेरच्यांना दबवायला. नुसत्या आदेशाने कोणी आत जात नाही. मारू नको, तिच्या घरी, लेकरांच्या शाळेत जाऊ नको, फोन करून धमकावू नको, एवढंच त्यात असतं. ते पाळलं की विषय संपला. मोडलं तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तो गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही). तो आत गेला तर आदेश मोडला म्हणून जाईल, तिने अर्ज केला म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याची बरोबर आहे: वेळ लागतो. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, समन्स बजावताना 'घरी मिळून आले नाहीत' असे शेरे येतात. हे दुखणं खरं आहे. म्हणूनच मूळ अर्जाबरोबरच अंतरिम आदेशाचा अर्जही द्यायला वकिलाला सांगायचं, आणि तो दिला की नाही हे स्वतः विचारायचं.

आता बैठक. मावसबहिणीसाठीही बैठक बसली होती. तो पाचशेचा स्टॅम्प मी हातात घेऊन वाचलाय: 'यापुढे पत्नीस व्यवस्थित नांदवीन, दारू पिणार नाही, अंगाला हात लावणार नाही.' खाली चार पंचांच्या सह्या, त्यातला एक सासऱ्याचा साडू. तिचा पुढचा दात पडला तो त्यानंतर. तो कागद घेऊन ती पोलिसांत गेली असती तर त्या कागदावरून त्यांना काहीच करता आलं नसतं. कोर्टाचा आदेश मोडणं गुन्हा आहे, पंचांसमोर दिलेला शब्द मोडणं गुन्हा नाही. ज्या काकांनी मेसेज पाठवला ते त्या बैठकीला हजर होते. तेव्हा पोरगी परत पाठवायला सगळे एकमताने तयार होते. दात पडल्यावर विचारायला कोणी गेलं नाही.

तरीही असा कागद कोणाकडे असेल तर फाडू नका. याआधी मारलं होतं आणि दारू प्यायलो होतो, हे त्याने स्वतःच्या सहीने त्यात मान्य केलेलं असतं. अर्जाला तो जोडायचा. आदेश झाला की त्याची प्रत कोर्टाकडून मोफत मिळते, आणि संबंधित पोलीस ठाण्यालाही कोर्ट ती पाठवतं. एक झेरॉक्स स्वतःजवळ, एक माहेरी ठेवायची. त्याने आदेश मोडला त्याच दिवशी ती घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जायचं.