पन्हेरी टाकताय? मग एवढं कराच

संत्र्याची पन्हेरी, म्हणजे कलमांची रोपवाटिका, टाकायचा विचार असेल तर आधी तुमचं अभिनंदन. याच्याइतका निर्धोक धंदा वऱ्हाडात दुसरा नाही. कापडवाल्याचा माल पहिल्या धुण्यात उघडा पडतो, दूधवाल्याचा चुलीवर. तुमचा माल उघडा पडायला पाच वर्षं लागतात. तोवर गिऱ्हाइकाच्या पोरीचं लग्न होतं, मोबाइल बदलतो, आणि तुमचा नंबर जुन्या सिमकार्डाबरोबर जातो.

जागा निवडताना एखादी जुनी, डिंक्या रोगानं बेजार झालेली बाग शोधा आणि तिच्या उताराला वाफे टाका. वरच्या बागेचं ओलिताचं पाणी आलं की फायटोप्थोरा, म्हणजे डिंक्याची बुरशी, आपल्या पायानं चालत येतो, आणायला जावं लागत नाही. माती प्लास्टिकखाली उन्हात तापवून घ्या, पिशवीत रोपं वाढवा, हे सगळं नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था सांगत असते. सांगू द्या. त्यांना त्याचा पगार आहे.

संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, ज्या खुंटावर बांधायचा तो जंबेरीचा, एका आंबट लिंबाचा. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन रोपं निघतात. त्यातलं एखादं खुरटं, वेगळ्याच पानाचं असतं. जाणकार माणूस ते उपटून बांधावर फेकतो. तुम्ही फेकू नका, तेही चाळीस रुपयांचंच आहे.

डोळकाडी, म्हणजे डोळे काढायची फांदी, कोणत्या झाडाची घ्यावी? हात पोचेल त्या.

आता डोळा किती उंचीवर बांधायचा ते नीट ऐका, कारण सगळी कमाई इथंच आहे. पुस्तकात जमिनीपासून वीतभर वर म्हटलंय. तुम्ही चार बोटांवर बांधा. बांधणाऱ्याला रोपामागे पैसे मिळतात, त्याला वीत मोजायला वेळ कुठला? पुढं काय होतं ते तुमच्या वाफ्यात दिसत नाही, ते माझ्या शेतात दिसतं. पावसाचा थेंब मातीवर आपटतो, चिखल उडतो आणि थेट डोळा-खुंटाच्या सांध्यावर बसतो. खुंट तरी थोडाफार तग धरतो, संत्र्याची साल धरत नाही. साल तडकते, तांबूस डिंक पाझरतो, पानं पिवळी पडतात, शेंडे वाळतात. तोवर झाडाला सहावं वर्ष लागलेलं असतं आणि मालक पहिल्या चांगल्या आंबिया बहराचा हिशेब मांडत बसलेला असतो.

मी बसलो होतो. तीनशे कलमं, सहा बाय सहा मीटरवर, पावणेतीन एकर. बोअर मारला, ठिबक टाकलं, दरवर्षी दोनदा बुंध्याला बोर्डो पेस्ट फासली. आता साठ-सत्तर झाडांच्या बुंध्यातून डिंक गळतोय, आणि माती उकरून बघावं तर सांधा कुठाय? मातीच्या आत! लावताना मी खोल लावलं म्हणाल. नाही लावलं. वाफ्यातल्या मातीची खूण बुंध्यावर असते, तिच्यावर एक बोटही माती चढू दिली नव्हती. तरी पाच वर्षांच्या आंतरमशागतीनं माती थोडीफार सरकतेच, आणि चार बोटांचा सांधा बुडायला तेवढी पुरते. वीतभर असता तर बुडाला नसता.

आणि त्यातली अकरा झाडं सगळ्यांत जोमदार होती. काळपट हिरवी, दणदणीत. पाहुणे आले की मी तीच दाखवायचो. गेल्या आंबियाला त्यांना फळ धरलं. जाड सालीचं, खरबरीत, आंबट ढाण. डोळा मेला, खाली खुंट फुटला, आणि सहा वर्षं मी जंबेरीला शेणखत घातलं. आमच्या घरी आता लोणचं भरपूर आहे.

गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं तर चहा पाजा. मला पाजला. मग म्हणावं, "भाऊ, पाणी जास्त झालं तुमचं." गिऱ्हाईक म्हणालं पाणी मोजून दिलं, तर "मंग तुमच्या जमिनीतच दोष हाय." एवढंही पुरलं नाही तर "बाकीच्यायची तं काहीच तक्रार नाही जी." ही तीन वाक्यं पाठ असली की कृषी पदवीची गरज नाही.

पावती देऊ नका. कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून द्या, सही करू नका.

परवाना मात्र घ्या आणि फ्रेम करून भिंतीला लावा. त्याच्याखाली खुर्ची ठेवली की तपासणीला आलेला माणूस तिच्यावरच बसतो, वाफ्यापर्यंत जात नाही.

आता पुरे झालं. मला हे पुढं मस्करीनं लिहिता येत नाही.

फळांच्या रोपवाटिकांसाठी या राज्यात 1969 पासून कायदा आहे. खुंट कोणता, डोळा कोणत्या झाडाचा, याची नोंद ठेवायची, झाडं रोगमुक्त ठेवायची. 1966 च्या बियाणे कायद्यातही 'बियाणे' म्हणजे नुसते दाणे नाहीत, कलमंही त्यात येतात. शेतकरी ग्राहक मंचात (आता त्याला ग्राहक आयोग म्हणतात) जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बियाण्याच्याच प्रकरणात सांगून ठेवलंय. पण आयोग पहिल्यांदा पावती मागतो. ती मी घेतली नव्हती, दहा रुपये कमी होतात म्हणून. हा माझा गाढवपणा, तो मी तुमच्या माथी मारत नाही.

पण पन्हेरीवाले भाऊ, तुम्ही? वीतभर वर डोळा बांधायला काय सोनं लागतं का? आजारी झाडाची डोळकाडी कापताना त्याच्या बुंध्याचा डिंक दिसत नाही तुम्हाला? तुमची स्वतःची बाग आहे ना मागं, तिला तर पिशवीतली कलमं लावलीत, मी बघून आलोय. म्हणजे माहीत सगळं आहे. चाळीस रुपये घेऊन माणसाची सहा वर्षं नासवता आणि वर त्याच्या पाण्याला दोष देता, लाज वाटत नाही?

परवा त्याच पन्हेरीवरून टेम्पो भरून येताना दिसला. शेजारच्या पोराचा, पहिलीच बाग. पावती घेतली का विचारलं तर हसला. अरे हसतोस काय लेका, खाली उतर. एक कलम काढ, वीत लावून बघ. नाही भरली तर फिरव टेम्पो, मी येतो सोबत.