बोका, कॅसेट आणि एक खोटं वाक्य

ताई,

शाळेतल्या फजितीवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक आई’ एवढीच सही करून तुम्ही जे लिहिलंत, ते मी तीनदा वाचलं. पहिल्या वेळी राग आला, हे कबूल करतो. तुमचा मुलगा नववीत. बक्षीस घ्यायला स्टेजवर जाताना पाय घसरून पडला, कुणीतरी व्हिडिओ काढला, तो वर्गाच्या ग्रुपवर फिरला. आता तो स्वतःच त्या पडण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवतो आणि घरी आला की खोलीचं दार लावून घेतो. ‘स्वतःवर हसायला शिका म्हणायला तुमचं काय जातं? माझा मुलगा हसतोच आहे. पुढे काय?’ असं तुम्ही विचारलंत. आणि शेवटी: ‘त्या दिवसापासून मी स्वतःवर हसायला शिकलो, हे तुमचं वाक्य मला खरं वाटत नाही.’

ते खोटंच आहे. लेखाला शेवट सापडत नव्हता, म्हणून लिहिलं.

झालं होतं ते असं. डिसेंबर १९९१, मी आठवीत. शाळेचं गॅदरिंग, भरगच्च सभागृह आणि मी अभंग म्हणणार. आधीची दोन वर्षं बक्षिसं मिळालेली, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. त्यात आवाज फुटायला लागलेला. या वयात मुलांचं स्वरयंत्र भराभर वाढतं, स्वरतंतू लांब नि जाड होतात, आणि काल सहज लागलेला सूर आज दगा देतो. गाण्याच्या सरांना हे कळत होतं. ‘काळी पाचचा हट्ट सोड, पट्टी उतरव,’ म्हणून ते चार दिवस मागे लागले होते. मी कसला ऐकतोय! अंतऱ्यात वरचा सा घ्यायला गेलो आणि गळ्यातून जे बाहेर पडलं त्याला सूर म्हणायची सोय नव्हती. सभागृह फुटलं. दुसऱ्या दिवसापासून मी ‘बोका’ झालो, तो दहावीच्या निरोप समारंभापर्यंत बोकाच राहिलो.

इथपर्यंत लेखात होतं. नव्हतं ते पुढचं. आठवडाभरात मीच ‘म्याँव’ करून दाखवायला लागलो. मागणी तसा पुरवठा. मधल्या सुट्टीत, सहलीच्या बसमध्ये, सारसबागेत भेळ खाताना. पोरगा खिलाडू आहे हो, असं मोठी माणसंही म्हणायची. गाणं मात्र त्या डिसेंबरात सुटलं. पेटी कपाटावर गेली. आईनं दोनदा विचारलं, मी ‘अभ्यास आहे’ म्हटलं. आमच्या पेठेत या कारणापुढे कुणाचंही काही चालत नाही.

म्हणजे तुमच्या मुलाचं जे चाललंय तेच. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन यांनी २००३ साली विनोदाच्या चार तऱ्हा मांडल्या. त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. एक, अडचणीत स्वतःला सावरणारा विनोद. दुसरी, इतरांनी आपल्याला जवळ करावं म्हणून स्वतःलाच पायदळी घालणारा. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मलाही तेव्हा फरक कळला नव्हता, आणि परवाच्या लेखातही मी दोन्ही एकाच टोपलीत टाकले.

टी-शर्टच्या प्रयोगावरही तुम्ही चिडलात. लेख न वाचलेल्यांसाठी: २००० साली थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले निकाल प्रसिद्ध केले. बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून एकेका विद्यार्थ्याला इतरांच्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांनी चित्र ओळखलं असणार, असा घालणाऱ्यांचा अंदाज. प्रत्यक्षात ओळखणारे निघाले सुमारे पाव. प्रयोग चांगलाच आहे, पण तुमच्या मुलाला तो औषध म्हणून द्यायला मी नको होतं. खोलीत घटकाभर डोकावून जाणं निराळं आणि त्याच वर्गात त्याच बाकावर रोज बसणं निराळं.

एका मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. स्वतःवर हसणं म्हणजे अपमान गिळणं, असं तुम्ही म्हणता. दर वेळी नाही. मला खरं हसू आलं ते २००२ साली. नारायण पेठेतला आमचा वाडा पाडून तिथे इमारत व्हायची होती. माळा रिकामा करताना बुटांच्या खोक्यात एक कॅसेट निघाली, वर मामाच्या अक्षरात ‘गॅदरिंग’. मला ती ऐकायची नव्हती. बहिणीनं लावलीच.

मी गाणं अर्धवट टाकून पळालो, असं अकरा वर्षं माझ्या डोक्यात पक्कं होतं. टेपवर मी अख्खा अभंग म्हणतोय, शेवटी टाळ्यासुद्धा. आवाज फुटतो तो किती, तर एक उचकी लागावी इतकाच. त्यानंतर कुणीही हसत नाही. पेटी चालू आहे, तबला चालू आहे. आणि मग अगदी माइकजवळ, कारण टेपरेकॉर्डर तिच्याच मांडीवर, दुसऱ्या रांगेतून आमच्या आजीचा खणखणीत आवाज: ‘अगं, स्टेजमागे बोका शिरलाय वाटतं! हाकला की कुणीतरी!’

सभागृह फुटतं ते इथे.

बोका हे नाव ठेवलं म्हणून वर्गातल्या ज्या मुलाला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालत होतो, त्यानं बिचाऱ्यानं फक्त ऐकलं होतं. बहीण नि मी रिकाम्या माळ्याखाली बसून रडेपर्यंत हसलो. आजी तेव्हा होती. कान पार गेलेले. तिला कानाशी ओरडून सगळं सांगितलं, तर म्हणते, ‘पण बोकाच होता की रे!’

आता तुमचं जे शंभर टक्के खरं आहे ते. माझी कॅसेट आमच्याच माळ्यावर होती. ती कधी लावायची, कुणापुढे लावायची, हे आमच्या हातात होतं. तुमच्या मुलाचा व्हिडिओ चाळीस जणांच्या खिशात आहे. तो हसण्यावारी न्यायचा विषयच नाही. वर्गशिक्षकांना भेटा, ग्रुपवरून तो काढायला लावा, आणि ‘मुलं आहेत, गंमत करतात’ असं कुणी म्हणालं तर उठू नका. नक्कल तो घरी करून दाखवायला लागला तर हसूही नका आणि रागावूही नका. पुढची पोळी वाढा.

लेखातलं ते वाक्य मी काढून टाकलंय. त्या जागी अजून काहीच लिहिलेलं नाही.

आणि हो, एक विचारायचं राहिलं. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत ते कुठेच नाही. बक्षीस कशाचं होतं?