पहिल्या वाढदिवसानंतरचं दूध

बाळ वर्षाचं झालं, आता डब्याचं दूध सोडवून कोणतं सुरू करायचं, यावरून आमच्या नात्यातल्या आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या जोरात चर्चा चालू आहे. एकीचा आग्रह देशी गाईच्या ए-टू दुधाचा. ते काचेच्या बाटलीतून दारात येतं आणि नेहमीच्या पिशवीपेक्षा कितीतरी महाग असतं. दुसरी म्हणते, पावडरच बरी. तिचे पुढचे टप्पे दोन वर्षांपर्यंत मिळतात आणि त्यात सगळं घातलेलं असतं. सांगलीला माझ्या सासूबाईंचा विश्वास फक्त रतिबाच्या दुधावर. म्हशीचं जड पडतं, गाईचंच द्यायचं, तेही उकळून, आणि सुरुवातीला त्यात पाणी घालायचं.

मी इंग्लंडमध्ये, स्लाऊला राहते. माझ्या मुलाचं डब्याचं दूध नुकतंच सुटलं, त्यामुळे गटावर मलाही विचारणा होते: "तिकडे काय देतात गं?" तिकडचं उत्तर छोटं आहे. दुकानात दुधाच्या बाटल्यांना रंगीत झाकणं असतात. निळं म्हणजे साय न काढलेलं पूर्ण दूध, हिरवं म्हणजे अर्धा स्निग्धांश काढलेलं, लाल म्हणजे जवळजवळ सगळं काढलेलं. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा सल्ला असा, की बारा महिने पूर्ण झाले की निळं दूध द्या. मूल नीट जेवत असेल तर दोन वर्षांनंतर हिरवं चालेल. लाल मात्र पाच वर्षांच्या आत नको. वर्षानंतर पावडरीची गरज नाही. अंगावर पाजत असाल तर ते खुशाल चालू ठेवा. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचं वेगळं, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

पण "कोणतं" या प्रश्नावर आपण इतकी ताकद खर्च करतो, की "किती" हा प्रश्न राहूनच जातो. खरं म्हणजे तो विचारला जातो, पण उलट्या बाजूने. सासूबाईंचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "अर्धा लिटर तरी जातंय ना गं पोटात?" कमी पडेल ही भीती प्रत्येकाला आहे. जास्त होईल, ही भीती आपल्याकडे कुणाला वाटतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की वर्षाच्या मुलाच्या बाबतीत खरा धोका त्या दुसऱ्या बाजूला आहे.

इथे मूल वर्षाचं होण्याच्या सुमारास 'हेल्थ व्हिजिटर', म्हणजे लहान मुलांची काळजी पाहणारी सरकारी परिचारिका, तपासणी करते. आमच्याकडची बाई मुलाच्या आरोग्याच्या नोंदींची लाल वही उघडून वजन-उंची लिहून झाल्यावर दुधाकडे वळली. दूध कुठल्या कंपनीचं, हे तिने विचारलंच नाही. दिवसभरात किती पितो, आणि कशातून पितो? साधारण साडेतीनशे-चारशे मिलीलिटर पुष्कळ झालं, त्यात दही आणि चीजही धरा, असं तिने सांगितलं. मग त्याच्या जेवणाबद्दल खोदून खोदून विचारत बसली: डाळ किती, अंडं खातो का, मटण-चिकन देता का, हिरवी भाजी कशी देता. दुधाला दोन मिनिटं आणि ताटाला पंधरा मिनिटं, हे प्रमाण मला फार योग्य वाटलं.

कारण लोह. गाईचं दूध कॅल्शियम आणि प्रथिनांसाठी उत्तम, पण लोह त्यात नावालाच असतं, लिटरभर दुधात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशींप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह लागतं. डब्याच्या दुधात लोह वरून घातलेलं असतं, त्यामुळे वर्षापर्यंत ती बाजू आपोआप सांभाळली जाते. डबा बंद केला की ते काम ताटावर येतं. आणि नेमकं तेव्हाच आपण मुलाला पाऊण लिटर, लिटरभर दूध पाजायला लागतो. पोट दुधाने भरतं, मूल जेवत नाही, जेवत नाही म्हणून आई आणखी दूध पाजते. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन जेवणातल्या लोहाचं शोषणही कमी करतात. मूल गुटगुटीत दिसतं, बाळसं छान असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

हे परदेशात राहून आपोआप सुटत नाही, हेही सांगायला हवं. इंग्लंडमधल्या भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी कुटुंबांतल्या दोन वर्षांच्या मुलांचा एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गटानुसार २० ते २९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. जास्त दूध पिणं आणि बाटली न सुटणं यांचा संबंध कमी लोहाशी दिसून आला. म्हणजे दूध निळ्या झाकणाचं, देश श्रीमंत, आणि सवय मात्र आपली. मायदेशातलं चित्र तर फारच मोठं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत भारतातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. महाराष्ट्रही त्या सरासरीपेक्षा चांगला नव्हता. याला गरिबी, जंत, आईचाच रक्तक्षय अशी अनेक कारणं आहेत. पण पुण्या-सांगलीतल्या सुखवस्तू घरांतही मुलांचं हिमोग्लोबिन कमी निघतं, तेव्हा ताटाआधी पुढे आलेल्या दुधाच्या पेल्याकडेही बघायला हवं.

आता ए-टूचं. त्यावर एवढा पैसा ओतावा असं मला त्यात काही दिसत नाही. ए-वन आणि ए-टू हे दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाचे दोन प्रकार आहेत. आपल्या गीर, खिल्लार अशा देशी गाईंचं दूध बहुतांशी ए-टूच असतं, आणि म्हशीचंही. म्हणजे जे म्हशीचं दूध आपण मुलाला नको म्हणतो, ते मुळात ए-टू आहे. एफएसएसएआयने, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा नियामकाने, २१ ऑगस्ट २०२४ रोजी कंपन्यांना दुधावरचे ए-वन, ए-टूचे दावे काढायला सांगितलं आणि २६ ऑगस्टला तो आदेश मागे घेतला. नियामकाची ही चलबिचल पाहून लोक गोंधळले तर त्यांचा दोष नाही. पण वर्षाच्या मुलाच्या रक्तातल्या लोहावर ए-टूने काहीही फरक पडत नाही. तोच जास्तीचा पैसा अंडी, डाळी आणि भाजीवर खर्च करावा.

सासूबाईंची एक गोष्ट मला पूर्ण पटते. सुटं दूध उकळलंच पाहिजे. निरसं दूध मुलाला देणं म्हणजे क्षय, ब्रुसेलोसिस अशा आजारांना वाट मोकळी करणं. इथलं दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून येतं आणि गोठ्यापासून फ्रिजपर्यंत थंड राहतं, म्हणून मी ते तापवत नाही. सांगलीत उन्हाळ्यात पिशवी दुकानाबाहेर क्रेटमध्ये किती वेळ पडली होती हे कुणाला माहीत नसतं, तिथे मीही तापवीन. दुधात पाणी घालणं मात्र नको. त्या वयात मुलाला दुधातला स्निग्धांश आणि ऊर्जा लागते आणि पाण्याने तेच कमी होतं.

पावडरीच्या पुढच्या टप्प्यांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं आहे: एक ते दोन वर्षांच्या ज्या मुलांना आईच्या दुधाखेरीज दूध द्यायचं आहे त्यांना प्राण्यांचं साधं दूध द्यावं, या वयासाठीच्या फॉर्म्युल्याची शिफारस नाही. या बाबतीत आपला कायदा इंग्लंडच्या कायद्यापेक्षा कडक आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. १९९२ चा आपला शिशुदुग्धपर्याय कायदा, २००३ च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंतच्या कुठल्याही दूधपर्यायाच्या जाहिरातीवर बंदी घालतो. ब्रिटनमध्ये ही बंदी फक्त पहिल्या टप्प्याच्या डब्याला लागू आहे. सहा महिन्यांनंतरच्या आणि 'टॉडलर' दुधाच्या जाहिराती टीव्हीवर राजरोस चालतात, आणि डबे दिसायला असे सारखे की एकाची जाहिरात दुसऱ्यालाही उपयोगी पडते. इथल्या दुकानातल्या त्या लांबच लांब फळीसमोर दमलेली आई उभी असते, तेव्हा तिला आपल्यासारख्या कायद्याचं संरक्षण हवं असतं.

बाटलीचंही तसंच. इथे वर्षाच्या सुमारास बाटली सोडवा म्हणून सगळे मागे लागतात, कारण दात किडतात आणि दूध हवं त्यापेक्षा जास्त जातं. आपल्याकडे बोंडलं आणि वाटी-चमचा पिढ्यान्‌पिढ्या होते. माझ्या आईने मला बोंडल्यानेच वरचं दूध पाजलं. ते घरोघरचं भांडं देव्हाऱ्यात किंवा कपाटात गेलं आणि त्याच्या जागी बाटली आली, ही आपण आपणहून केलेली हानी आहे.

आमच्याकडे बदल कसा झाला ते सांगते, कारण गटावर तेच सारखं विचारतात. दुपारचं दूध आधी बदललं, कारण तेव्हा तो खेळात असतो आणि हट्ट कमी करतो. तयार केलेल्या डब्याच्या दुधात थोडं निळ्या झाकणाचं दूध मिसळायचं, दर दोन-तीन दिवसांनी गाईच्या दुधाचा वाटा वाढवायचा. पावडर मात्र नेहमी पाण्यातच कालवायची, गाईच्या दुधात कधीही नाही. दूध फ्रिजमधून काढून कोमट करून द्यायचं, कारण त्याला डब्याच्या दुधाची ऊब माहीत होती. दोन कानांचा उघडा पेला द्यायचा, निम्मं अंगावर सांडलं तरी चालेल. रात्रीचं दूध सगळ्यात शेवटी बदललं. आणि दूध जेवणाआधी कधीच नाही, जेवणानंतर किंवा दोन जेवणांच्या मध्ये. मऊ वरणभातावर लिंबू पिळायचं, कारण लिंबातलं क जीवनसत्त्व डाळीतलं लोह शोषायला मदत करतं. आपल्या आज्या हे चवीसाठी करत आल्या. नाचणीची पेज, अंड्याचा पिवळा भाग, बारीक केलेलं चिकन. इथे ऊन कमी, म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज.

मायदेशात एक चांगली गोष्ट हाताशी आहे आणि माझ्या गटावरच्या एकीलाही ती माहीत नव्हती. २०१८ पासूनच्या 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलीलिटर लोह-फॉलिक आम्लाचं सिरप द्यायची तरतूद आहे, आशाताईंमार्फत, फुकट. खासगी दवाखान्यात जाणाऱ्या घरांपर्यंत ही गोष्ट पोचतच नाही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीला प्रत्येक मूल कुठे ना कुठे जातंच, सरकारी असो वा खासगी. त्याच खुर्चीत बसलेल्या आईला डॉक्टरांनी किंवा नर्सताईंनी विचारावं: वर्षानंतर दूध किती देणार, कशातून देणार, आणि जेवणात लोह कुठून येणार? मी माझ्या नणंदेला हे तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. पुढच्या आठवड्यात तिच्या मुलीची लस आहे, आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तर ती स्वतःच विषय काढणार आहे.