कुलकर्णी, घंटाळी की चरई?

गेल्या शनिवारपासून माझ्या मोबाइलमध्ये बहुतेक परिचित मंडळी तीन-तीनदा नांदत आहेत. जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनायझरमधील नावे, पत्ते आणि तारखा लॅपटॉपवर व तेथून मोबाइलवर एकदाच्या उतरवून घ्याव्यात, एवढ्या माफक इच्छेने मी ठाण्यात नौपाड्यातील एका दुकानात गेलो. तेथील मुलाने तिन्ही यंत्रे वायरींनी जोडली, ‘सिंक’चे, म्हणजे सगळीकडच्या नोंदी सारख्या करण्याचे, बटण दाबले आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

वास्तविक हे काम अवघड असू नये. १९९६ साली पाम पायलट हा तळहातावर मावणारा ऑर्गनायझर पहिल्यांदा आला, तेव्हा तो संगणकाला जोडलेल्या क्रेडलमध्ये, म्हणजे छोट्या स्टँडमध्ये, ठेवून एकच बटण दाबावे लागे. बदललेल्या नोंदीवर खूण असे आणि तेवढ्याच नोंदींची देवाणघेवाण होई. एकच नोंद दोन्हीकडे बदललेली आढळली, तर यंत्र न्यायनिवाड्याच्या भानगडीत न पडता दोन्ही ठेवून घेई. संगणक अनोळखी असला की मात्र या खुणांवर विसंबता येत नाही, सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात, आणि मग ‘सु. कुलकर्णी’ व ‘कुलकर्णी सु.’ हे दोन स्वतंत्र इसम ठरण्याची पुरेपूर शक्यता असते.

शेजारच्या स्टुलावर एक काका स्क्रीनगार्ड बसवून घेण्यासाठी थांबले होते. जांभळी नाक्यावरून आणलेली मेथीची जुडी मांडीवर घेऊन ते माझ्या लॅपटॉपवर इतके वाकले होते की मेथीची पाने की-बोर्डवर लोळत होती.

“हे कुलकर्णी कुठले? घंटाळीचे की चरईचे?”

“चरईचे,” मी सभ्यतेखातर म्हणालो.

“मग हा २५४ ने सुरू होणारा लँडलाइन कशाला ठेवलाय? ते कधीच मुलाकडे घोडबंदर रोडला गेले. उडवा.”

“अहो, हे सु. कुलकर्णी आहेत.”

“सुधाकरच ना?”

“सुमती. आमच्या शाळेतल्या बाई.”

“त्यांचेच मिस्टर सुधाकर. घर एक, फोन एक. दोन्ही उडवा.”

तिसऱ्या कुलकर्णींचे नाव वाचण्याच्या पलीकडे गेले होते. व्हीकार्ड नावाच्या संपर्कफायलींच्या २.१ या जुन्या आवृत्तीत देवनागरी मजकूर बहुधा सांकेतिक रूपात जातो. ‘क’ला तीन बाइट, त्याच्या उकाराला आणखी तीन, आणि प्रत्येक बाइटच्या आधी बरोबरचे चिन्ह. हा संकेत उलगडला गेला नाही, की नुसत्या ‘कु’च्या जागी ‘=ई०=ए४=९५=ई०=ए५=८१’ अशी आगगाडी उभी राहते. काकांनी ती चष्मा वर करून वाचली.

“हा राहू द्या. बँकेचा वगैरे असायचा. उगाच अकाउंट ब्लॉक व्हायचं.”

मी तोंड उघडण्यापूर्वीच दुकानातील मुलाने निकालाची अंमलबजावणी केली. चरईचे कुलकर्णी गेले, शाळेतल्या बाई गेल्या आणि आगगाडी तेवढी राहिली. यंत्र कोणालाच काढत नाही म्हणून मी वैतागलो होतो खरा, परंतु त्यावर हा उपाय कोणी मागितला होता?

तारखांची कथा घरी आल्यावर उघडकीस आली. दिवसभराच्या नोंदीत नुसती तारीख असावी, वेळ असू नये, अशी सोय कॅलेंडरच्या प्रमाण पद्धतीत १९९८ पासून आहे. पण एखादा आगाऊ प्रोग्राम त्या तारखेला मध्यरात्रीचे बारा चिकटवतो. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे जागतिक वेळेत ती नोंद आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जाऊन बसते, आणि पुढच्या यंत्राने त्यातील केवळ तारीख उचलली की सगळ्यांचे वाढदिवस एक दिवस अलीकडे येतात. पंचाहत्तरीच्या शुभेच्छा देण्यासाठी मी आत्याला आदल्या दिवशी फोन केला. “उद्यापर्यंत मी टिकेन अशी खात्री नव्हती का रे तुला?” असे तिने विचारले, आणि ती हसत नव्हती.

त्याआधी दुकानात मात्र बिल व्हायचे होते. तेथे दर नोंदींच्या संख्येवर आहे, आणि नोंदी तिप्पट झाल्यामुळे रक्कमही तिप्पट झाली आहे, हे मला त्या वेळी कळले. ही जादा माणसे त्यांच्या बटणाने निर्माण केलेली आहेत, त्यांचा भुर्दंड मी का सोसावा, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. “सर, सिस्टिम जो काउंट दाखवते तोच लागतो,” एवढेच उत्तर मिळाले.

“दिसतायत तर खरी एवढी नावं,” काका म्हणाले. “देऊन टाका. माणसं जोडायची म्हणजे खर्च आलाच.”

मी पैसे दिले. त्यानंतर काकांनी स्वतःच्या स्क्रीनगार्डसाठी हुज्जत घातली आणि पन्नास रुपये कमी करून घेतले.