ग्रामोफोनची पिन, सायकलची घंटी आणि आमच्या वाचनालयातला वाद

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी संध्याकाळी ‘ब्योमकेश बक्षी’ या गुप्तहेर मालिकेचा एक भाग दाखवला जातो आणि त्यानंतर त्यावर चर्चा होते. ही मालिका दूरदर्शनवर पहिल्यांदा १९९३ साली आली आणि २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली गेली, तरी अभ्यासिकेत पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणाऱ्या आमच्या मुलामुलींसाठी तिचा प्रत्येक भाग नवाच असतो. गेल्या रविवारी ग्रामोफोनच्या पिनांचा भाग झाला आणि त्यावरची चर्चा इतकी रंगली की वाचनालय बंद करण्याची वेळ टळून गेली. मुलांचा सर्वसाधारण अभिप्राय असा होता की रहस्य चांगले आहे, गती संथ आहे आणि ‘जुना काळ मस्त दाखवला आहे’. यातले शेवटचे वाक्य मला पटले नाही. तिथे थोडक्यात जे बोललो ते सविस्तर मांडावे म्हणून ही पोस्ट लिहितो आहे. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहावा, कारण पुढे खुनाची पद्धत सांगितल्याशिवाय माझे म्हणणे स्पष्ट होणार नाही.

कलकत्त्याच्या रस्त्यांवर एकामागून एक माणसे अचानक कोसळून मरतात. प्रत्येकाच्या छातीत ग्रामोफोनची पिन घुसलेली असते. कोणी बंदूक पाहिलेली नसते, कोणी आवाज ऐकलेला नसतो. एक गृहस्थ केवळ यासाठी वाचतात की पिन त्यांच्या खिशातल्या घड्याळावर आदळते, आणि ते घड्याळ घेऊन ते ब्योमकेशकडे येतात. दुसरीकडे वर्तमानपत्रात एक विचित्र जाहिरात नियमाने येत असते: कोणाला वाटेतला काटा दूर करायचा असेल तर त्याने शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता एका प्रसिद्ध दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहावे. या दोन गोष्टींचा संबंध ब्योमकेश जोडतो, आणि शेवटी उलगडते ते असे की पिन उडवण्याचे यंत्र सायकलच्या घंटीत बसवलेले आहे. घंटी वाजते, माणूस कोसळतो, सायकलस्वार गर्दीतून पुढे निघून जातो.

चर्चेच्या वेळी आमच्या गावातल्या जुन्या वाड्यातल्या एका काकांनी घरून पत्र्याची एक छोटी डबी आणली होती. झाकणावरचे चित्र गंजाने जवळजवळ पुसले गेले आहे, पण आत अजून पिना आहेत. मुलांनी त्या तळहातावर घेतल्या, टोक बोटाला लावून पाहिले, आणि ‘एवढीशी?’ असा प्रश्न दोघातिघांच्या तोंडून एकदमच निघाला. काकांनी समजावले की पोलादी पिन तव्याच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, घर्षणाने झिजते आणि झिजलेल्या पिनेने तवा खराब होतो, म्हणून तव्याची एक बाजू वाजली की पिन बदलायची असा रिवाज होता. मला वाटते, त्या संध्याकाळी सगळ्यात महत्त्वाचे वाक्य तेच होते. ज्या घरात ग्रामोफोन होता त्या घरात पिना डबीडबीने येत होत्या आणि वापरून फेकल्या जात होत्या. त्या विकत घेताना कोणी नाव विचारत नसे, हिशेब ठेवत नसे. खुन्याने हत्यार म्हणून जी वस्तू निवडली ती शहरातली सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात सहज मिळणारी वस्तू होती. सायकलच्या घंटीचेही तसेच आहे. भर रस्त्यात घंटी वाजली तर माणूस बाजूला होतो, वळून कोण आहे हे बघत नाही.

आता माझा मुद्दा. या कथेत जुना काळ ‘दाखवलेला’ नाही, कारण ती लिहिली गेली तेव्हा तो काळ जुना नव्हता. बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ब्योमकेशच्या कथा लिहायला सुरुवात केली ती १९३२ साली, आणि ग्रामोफोनच्या पिनांची कथा अगदी सुरुवातीच्या कथांतली आहे. त्यांच्या वाचकाच्या घरात ती डबी होती, त्याच्या दारात ती सायकल होती, आणि तो रोज सकाळी त्याच प्रकारच्या जाहिराती वाचत होता. लेखकाला काहीही सजवून सांगायचे नव्हते. त्याने टेबलावरची वस्तू उचलली आणि तिच्यातून मृत्यू निघू शकतो असे सांगितले. वाचकाला भीती वाटली असेल ती यामुळेच. आपल्याला आज जे ‘पीरियड’, म्हणजे जुन्या काळातले, वाटते ते त्या लेखकासाठी शुद्ध वर्तमान होते, आणि म्हणूनच काळ त्या गुन्ह्याच्या हाडामांसात आहे. ग्रामोफोन काढून घ्या, पत्रव्यवहार आणि वर्तमानपत्राची जाहिरात काढून घ्या, खिशातले घड्याळ काढून घ्या, की कथेत काही उरत नाही. खून करता येत नाही, खुन्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि साक्षीदार जिवंत राहत नाही.

शरदिंदुबाबूंविषयी एक गोष्ट इथे सांगाविशी वाटते, कारण आमच्या मुलांना ती माहीत नव्हती आणि ऐकून त्यांना आनंद झाला. चित्रपटांसाठी लिहिण्याकरिता ते १९३८ मध्ये मुंबईला आले आणि पुढे पुण्यात स्थायिक झाले. मधली बरीच वर्षे त्यांनी ब्योमकेशला बाजूला ठेवले होते, आणि १९५१ च्या सुमारास तो पुन्हा लिहायला घेतला. म्हणजे कलकत्त्याच्या या माणसाच्या कित्येक कथा महाराष्ट्रात बसून लिहिल्या गेल्या आहेत.

दिग्दर्शक बासू चटर्जी यांनी ही मालिका केली तेव्हा मात्र साठ वर्षे लोटली होती आणि त्यांच्यापुढे खरी अडचण होती. त्यांनी ती ज्या संयमाने सोडवली त्याला मी मनापासून दाद देतो. कॅमेरा कंदिलावर रेंगाळत नाही. जुनी मोटार आली तर ती फक्त माणसाला आणते आणि जाते. रजित कपूर यांचा ब्योमकेश धोतर नेसतो, पण ते धोतर नेसल्याचे आपल्याला आठवावे अशी एकही लकब ते करत नाहीत. के. के. रैना यांचा अजित, ब्योमकेशचा मित्र, तर चेहऱ्यावरून वाटतो तसाच आहे, लक्ष देऊन ऐकणारा, थोडा गोंधळणारा, मित्रावर जीव असलेला. बहुतेक प्रसंग खोल्यांत, बैठकीवर, चहाच्या पेल्यांसोबत घडतात. पैसा कमी होता हे दिसते, पण त्यामुळे बिघडले काहीच नाही, कारण काळ नेपथ्यावर अवलंबून नव्हता, तो गुन्ह्यात आधीच होता.

चर्चेत दोन आक्षेप आले आणि दोन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला आक्षेप आमच्या एका विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा. घंटीत मावेल एवढ्या स्प्रिंगमध्ये कपडे, कातडी आणि बरगड्यांमधली जागा भेदून हृदयापर्यंत जाईल इतकी ताकद कुठून येणार, असे त्याने विचारले, आणि गणित मांडण्याची तयारीही दाखवली. त्याची शंका रास्त आहे. भौतिकशास्त्राच्या परीक्षेत ही कथा कदाचित उत्तीर्ण होणार नाही. पण गुप्तहेरकथेत वाचकाशी जो करार असतो तो हत्याराच्या ताकदीचा नसून हत्याराच्या लपण्याचा असतो. घंटी पहिल्यापासून आपल्या कानांवर पडत असते आणि तरी आपण तिच्याकडे लक्ष देत नाही, हा करार लेखकाने पूर्ण पाळला आहे. आम्ही तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहिला. घंटी खरोखरच वाजते, स्वच्छ वाजते, आणि पहिल्या वेळी एकालाही ती ऐकल्याचे आठवत नव्हते.

दुसरा आक्षेप पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीचा. ती म्हणाली, ‘सर, तव्हा कॅमेरे असते तर हा गडी दोन दिसांत सापडला असता.’ सगळे हसले, पण ती गंभीर होती. आजचा तपास मोबाईलच्या नोंदींवर आणि चौकातल्या कॅमेऱ्यांवर चालतो हे तिने अभ्यासले आहे. मी तिला एवढेच विचारले की कॅमेरे नसताना ब्योमकेशकडे काय होते. थोडा वेळ विचार करून तिने स्वतःच उत्तर दिले की त्याच्याकडे रोजचे वर्तमानपत्र होते आणि त्यातल्या जाहिराती तो बातम्यांपेक्षा काळजीने वाचत होता. हे उत्तर फार मोलाचे आहे. त्या काळातल्या शहराच्या हालचाली ज्या कागदावर उमटत होत्या तो कागद त्याने ओळखला. त्याची युक्तीही त्या काळाचीच आहे. तो अजितला दिव्याच्या खांबाशी उभे करतो आणि सावज बनवतो, कारण जिथे नोंद सापडत नाही तिथे माणसालाच उभे राहावे लागते.

‘संथ आहे’ या तक्रारीवरही माझे हेच म्हणणे आहे. पत्र टाकायचे, उत्तराची वाट पाहायची, शनिवारची संध्याकाळ येईपर्यंत थांबायचे, हे थांबणे त्या तपासाचा भाग आहे. शनिवार येईपर्यंत खुनीही थांबतो आणि ब्योमकेशही थांबतो, आणि त्या थांबण्यातच दोघांची बुद्धी एकमेकांना तोलते. आपण तो वेळ कापून टाकला तर जाहिरातीची युक्तीच निरर्थक होईल. ज्या मुलांना निकालासाठी वर्ष वर्ष थांबावे लागते त्यांना हे मी वेगळे समजावण्याची गरज नव्हती.

यावरून मी जुन्या काळातल्या रहस्यमालिकांसाठी माझ्यापुरती एक कसोटी धरली आहे. अलीकडे अशा मालिका पुष्कळ निघतात, त्यांत खर्चही भरपूर केलेला असतो. टाइपरायटर येतो, ट्राम येते, चित्राला पिवळट रंग दिलेला असतो. पण गुन्हा तपासला की लक्षात येते की तो आजच्या पुण्यात किंवा नागपुरातही जसाच्या तसा घडू शकला असता. टाइपरायटर फक्त टेबलावर ठेवलेला असतो. तो उचलला तर कथेला धक्का लागत नाही. अशा मालिकांना मी वाईट म्हणणार नाही, पण त्यांना जुन्या काळाची मालिका म्हणायला माझे मन तयार होत नाही. त्यांनी काळाला पोशाखाचे काम दिले आहे, आणि काळ त्याहून कितीतरी मोठे काम करू शकतो.

हे बोलत असताना मुलांनी विचारले की मग आपल्या भागात अशी कथा घडू शकेल का. या प्रश्नाने मी दोन दिवस अस्वस्थ आहे, कारण सामग्री आपल्या दाराशी पडली आहे. १९३० च्या सुमाराचा वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. कागदोपत्री मुलूख निजामाचा आणि १९०२ च्या करारापासून कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे. पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजी रुपया आणि इंग्रजी पोलीस, पलीकडे निजामाचा स्वतःचा रुपया म्हणजे हाली शिक्का आणि निजामाचे पोलीस. उमरखेडच्या बाजूला नदीकाठी प्रेत सापडले आणि त्याच्या कनवटीला हाली शिक्के निघाले, तर पंचनाम्याच्या आधीच अर्धी कथा उभी राहते. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे जिनिंग प्रेसिंगचे कारखाने होतेच. १९२५ च्या कायद्याने रुईच्या प्रत्येक गाठीवर कोणत्या प्रेसमध्ये ती बांधली त्याची खूण आणि क्रमांक घालणे बंधनकारक केले होते. एखाद्या गाठीच्या पोटात काही लपवून मुंबईकडे पाठवणाऱ्या माणसाला त्या क्रमांकाचा विसर पडणे पुरेसे आहे. आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी ती छोटी गाडी, जिला आपण शकुंतला म्हणतो आणि जी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली! तिचा वेग असा की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येत असे असे जुने लोक सांगतात. ‘मी गाडीत होतो’ हा संशयिताचा बचाव अशा गाडीत किती टिकेल? गावोगावच्या कोतवाल बुकात जन्ममृत्यूची नोंद असे, आणि आजही जातीच्या दाखल्यासाठी आपण त्याच्या नकला काढायला तहसीलमध्ये रांगा लावतो. वारसाहक्काच्या खुनात त्या बुकातली एक ओळ काय करू शकते हे मला वऱ्हाडी वाचकाला सांगावे लागणार नाही.

यातली एकही वस्तू दाखवण्यासाठी नको, गुन्ह्यात कामाला लावण्यासाठी हवी. आमच्या चर्चेतल्या तिघांनी अशी एक कथा लिहायला घेतली आहे, गाठीच्या क्रमांकाची. मी त्यांना एवढेच सुचवले आहे की आधी जिनिंगमध्ये काम केलेल्या म्हाताऱ्यांना भेटा, गाठ बांधताना माणूस कुठे उभा राहत असे ते विचारा, मग खून कोणी केला ते ठरवा.

पुढच्या रविवारी शाईचा आणि कोळ्याच्या विषाचा भाग आहे. त्यानंतर मृत्युपत्राचा भाग येईल, ज्यात ब्योमकेशची पुढे पत्नी होणारी सत्यवती पहिल्यांदा भेटते. ती भूमिका आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी केली आहे आणि तिच्यावर मला स्वतंत्रपणे लिहायचे आहे. शाईच्या भागात ब्योमकेश स्वतः दुसऱ्या कामात गुंतलेला असतो आणि अजितने येऊन केलेल्या वर्णनावरून उत्तर काढतो, त्यामुळे अजित काय काय सांगतो ते वहीत टिपून ठेवावे आणि शेवटाच्या आधी प्रत्येकाने आपले उत्तर लिहून द्यावे असे ठरले आहे. वेळ संध्याकाळी सहा. ज्यांनी तो भाग आधी पाहिला आहे त्यांनी जरूर यावे, पण कृपया खाली कमेंटमध्ये उत्तर लिहू नये.